तेरा वर्षांपैकी साडेसहा

लोकांचे पगार ठरवणं हा माझा व्यवसाय आहे. नेदरलँड्समधल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी नवीन भेटलं आणि त्याला हे कळलं, की जेवणाच्या रांगेतच तो मला जरा बाजूला घेतो. आयंटहोवनला आठ वर्षांच्या अनुभवाला किती मिळायला हवेत, रॉटरडॅमला गेलो तर किती वाढतील, असे प्रश्न हातातली ताटली सावरत विचारले जातात. आपल्याकडे पगार विचारणं हे तब्येत विचारण्याइतकंच साधं असतं. डच माणूस मात्र पगाराबद्दल अवाक्षर काढत नाही. माझ्या शेजाऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन, त्याच्या बहिणीचा घटस्फोट, त्याची होडी कितीला गेली, हे सगळं मला माहीत आहे. तो कमावतो किती, हे मात्र इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

मंडळाच्या अंकाच्या संपादिकाबाईंनी सांगितलं, की इकडे पगार कसे ठरतात ते सोप्या भाषेत लिहा, नव्याने येणाऱ्या मुलामुलींना उपयोग होईल. उपयोगाचं जे आहे ते लिहितोच. पण लिहायला बसल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एकच जागा येते, दक्षिणेकडच्या लिंबर्ग प्रांतातल्या एका शीतगृहातली ऑपरेशन्स मॅनेजरची. ती सोडून बाकी सगळ्यांबद्दल लिहिलं तर लेख माहितीपूर्ण होईल, खरा होणार नाही. जिच्याबद्दल लिहितो आहे तिला आधी विचारलं. तिचं उत्तर आलं, "नाव बदला. बाकी लिहा. फक्त मला बिचारी करू नका." नाव बदललं आहे. दुसरी अट पाळायचा प्रयत्न करतो.

आधी धंद्याची माहिती. ऑपरेशन्स मॅनेजर म्हणजे गोदाम, कारखाना किंवा शीतगृह रोजच्या रोज चालतं ठेवणारा माणूस. ट्रक आला नाही, पट्टा बंद पडला, सकाळच्या पाळीतले चार जण आजारी पडले, की पहिला फोन त्याला जातो. आमच्या कंपनीची अशी पाच ठिकाणं होती. भाजी, दूध, तयार जेवणाचे डबे तिथे थंड ठेवायचे आणि तिथून सुपरमार्केटांना पाठवायचे. मुख्य कार्यालय रॉटरडॅमला लागून असलेल्या कापेल आन डेन आयसेलला, आणि मी तिथे पगार विभागात.

प्रत्येक कामाला एक शिडी असते अशी कल्पना करा. ऑपरेशन्स मॅनेजरची शिडी एक, हिशेबनिसाची दुसरी. माणूस त्याच्या शिडीच्या कोणत्या पायरीवर उभा राहणार हे अनुभवावर ठरतं. आणि शिडी कुठे टेकवायची हे ठिकाणावर ठरतं. रॉटरडॅम, हेग, ॲमस्टरडॅम या पट्ट्यात घरं महाग, माणसं मिळायला अवघड, म्हणून तिथे शिडी उंचावर टेकवतात. लिंबर्ग किंवा ग्रोनिंगनला जरा खाली. तेच काम, तितकाच अनुभव, तरी दोघांच्या पगारात फरक पडतो तो यामुळे. नोकरी धरताना लोक पहिल्या पगाराकडे फार लक्ष देत नाहीत, पुढे वाढेल म्हणतात. पण दरवर्षीची वाढ टक्क्यांनी होते, म्हणजे जिथे उभे राहिलात तिथूनच. सुरुवातीला एक पायरी खाली उभं केलं, तर ती पायरी तुमच्याबरोबर सगळीकडे येते. पुढची कंपनीसुद्धा विचारते, आत्ता किती मिळतात?

ठिकाणावरून मोठे गमतीदार अर्ज येतात. एकाने आपल्या गावात बस येत नाही म्हणून जास्त पगार मागितला होता. त्याच आठवड्यात दुसऱ्याने लिहिलं होतं, की गाव इतकं शांत आणि सुंदर आहे की पगार थोडा कमी असला तरी चालेल. दोघांचं गाव एकच होतं.

ठिकाणाचं कोष्टक तयार असतं. त्यात आपला हात फारसा चालत नाही. अनुभवात चालतो. कारण अर्जात 'तेरा वर्षं' लिहिलेली असली तरी त्यातली कोणती वर्षं या कामाची, हे कुणीतरी ठरवावं लागतं. आमच्याकडे ते मी ठरवत असे. सैन्यात स्वयंपाकघर सांभाळलेला एक डच गृहस्थ आमच्याकडे आला होता. त्याची ती वर्षं धरू नयेत असं माझे सहकारी म्हणत होते. शेकडो माणसांचं जेवण रोज वेळेवर काढणं यालाच ऑपरेशन्स म्हणतात, असा वाद घालून मी ती सगळी धरायला लावली. त्याचा मला अभिमान वाटला होता. अजूनही तो निर्णय बरोबर होता असंच वाटतं, आणि म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

वैशाली मेश्राम मला पहिल्यांदा भेटली ती आम्ही राहतो त्या रायस्वाइकला, मंडळाच्या एका कार्यक्रमात. वाखनिंगनहून, म्हणजे शेतकी विद्यापीठाच्या गावाहून, ट्रेनने आली होती. सोबत सात-आठ वर्षांची मुलगी, आर्या. मूळची नागपूरची. आधी बुटीबोरीच्या आणि मग भिवंडीच्या शीतगृहांत मिळून तेरा वर्षं काम केलेलं. नंतर नोकरी सोडून अन्नसाठवणुकीचं शिकायला मुलीला घेऊन वाखनिंगनला आली. नवरा नागपुरातच होता, अंथरुणावरच्या वडिलांना सोडून त्याला येता येत नव्हतं. शिक्षण संपत आलं होतं आणि ती नोकरी शोधत होती. आमच्या लिंबर्गच्या शीतगृहाला ऑपरेशन्स मॅनेजर हवा होता. मीच तिला ते सांगितलं. माझी बायको स्मिता तिला म्हणाली, "प्रमोद आहे ना तिथे, काळजी करू नकोस." वैशाली हसली आणि त्या दिवसापासून मला दादा म्हणायला लागली.

तिची निवड तिच्या गुणांवर झाली, त्यात माझा काही संबंध नव्हता. ती केली लिंबर्गच्या प्रमुखाने, विमने. विम साठीकडे झुकलेला, मोठ्या आवाजाचा, शीतगृहात आयुष्य गेलेला माणूस. पगाराची पायरी ठरवायला तिची फाइल माझ्याकडे आली. ओळखीच्या माणसाची फाइल दुसऱ्याकडे द्यावी असा आमच्याकडे रिवाज आहे. मी माझ्या वरिष्ठ मारेइकेला सांगितलं, की मी हिला थोडाफार ओळखतो. ती म्हणाली, थोडाफार असेल तर तूच कर. आणि 'थोडाफार' हा शब्द मीच वापरला होता.

विमने तिची तेराच्या तेरा वर्षं धरून पायरी लिहून पाठवली होती. मी त्याला फोन केला. युरोपाबाहेरचा अनुभव आपण साधारण निम्मा धरतो, असं सांगितलं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. आधीच्या एक-दोन फायलींत तसं झालं होतं, इतकंच. विमला ते पटेना.

"का? तिकडे उणे अठरा म्हणजे वेगळं काही असतं का?"

मी म्हणालो, तसं नाही, पण तिकडची कामाची पद्धत निराळी असते, माणसं स्वस्त असतात, नियम ढिले असतात. मी तिथलाच आहे, मला माहीत आहे.

विम म्हणाला, "बरं. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं यातलं."

असा एका फोनमध्ये तिचा निम्मा अनुभव गेला. भिवंडीचं ते शीतगृह मी कधी पाहिलेलं नव्हतं. खरं तर कोणतंच पाहिलेलं नव्हतं. पुण्यात मी एका कार्यालयात बसून पगारपत्रकं करत असे. पण डच माणसासमोर मी सगळ्या भारताचा जाणकार होतो, आणि एका भारतीयाने भारतीयाचा अनुभव कमी सांगितला तर त्यावर कोण शंका घेणार?

असं का केलं, याचं खरं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. मला भीती होती, की कार्यालयात म्हणतील, प्रमोदने आपल्या बाईला वरची पायरी दिली. कुणी म्हटलं नव्हतं. म्हणण्याची शक्यताही फार नव्हती. पण इतकी वर्षं इथे राहून मी एक गोष्ट जपली होती, की माझ्याबद्दल कुणी असं बोलू नये. पक्षपात करत नाही हे दाखवण्यासाठी मी तिच्यावर अन्याय केला, आणि त्या दिवशी घरी जाताना मला आपण फार सचोटीने वागलो असं वाटत होतं.

आणखी एक प्रश्न मी स्वतःला विचारला आहे. तिच्या जागी माझ्यासारख्याच घरातली, माझ्या भावकीत शोभेल अशा आडनावाची मुलगी असती, तर मी ते निम्मं इतक्या सहज केलं असतं का? नाही, त्याचा काही संबंध नव्हता, असं म्हणायला मला आवडेल. पण छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. संबंध नव्हता असं समजणं माझ्यासारख्याला सोपं जातं, एवढं मात्र आता कळतं.

सही करण्याआधी वैशालीचा फोन आला. वाखनिंगनच्या मैत्रिणींनी तिला सांगितलं होतं, की इथे पहिला आकडा कुणी स्वीकारत नाही, थोडं जास्त मागायचंच असतं, त्यात कुणाला राग येत नाही. हे अगदी खरं आहे. नवीन येणाऱ्यांनी या लेखातून एकच गोष्ट घ्यायची तर ही घ्यावी. तिने विचारलं, "दादा, मागू का मी थोडं वाढवून?"

मी म्हणालो, "आत्ता नको. एकदा आत ये. पुढचं बघायला मी आहे ना."

ती म्हणाली, ठीक आहे. पुन्हा विचारलं नाही. तिच्याच महिन्यात आमच्या रॉटरडॅमजवळच्या शीतगृहात सांडर नावाचा ऑपरेशन्स मॅनेजर लागला. आठ वर्षांचा अनुभव. त्याने एकदा नाही, दोनदा वाढवून मागितलं, आणि दोन्ही वेळा थोडं मिळालं. त्याची आठही वर्षं धरली होती.

ती रुजू झाली आणि काही महिन्यांतच करोना आला.

मार्चमध्ये लोकांनी दुकानं रिकामी केली ते सगळ्यांना आठवत असेल. रिकाम्या फळ्यांचे फोटो आपण एकमेकांना पाठवत होतो. त्या फळ्या भरणाऱ्या साखळीत आमची शीतगृहं होती. आम्हा कार्यालयातल्या लोकांना घरी बसायला सांगितलं. कंपनीने मला घरपोच चांगली खुर्ची पाठवली. लिंबर्गमध्ये वैशाली रोज पहाटेच्या पाळीला हजर. तिच्या हाताखाली बहुतेक पोलंड आणि रुमेनियाहून आलेली माणसं, एका घरात आठ-आठ, दहा-दहा जण राहणारी. एक आजारी पडला तर अख्खं घर आजारी पडणार, आणि त्या घरातली माणसं चार पाळ्यांत वाटलेली असली तर चारही पाळ्या बंद.

तिने पहिल्याच आठवड्यात पाळ्या मोडून नव्याने लावल्या. एका घरातली सगळी माणसं एकाच पाळीत. एकाच गाडीतून येतील, एकाच वेळी जेवतील, दुसऱ्या घराशी त्यांचा संबंध येणार नाही. घर आजारी पडलं तर एकच पाळी जाईल, बाकीच्या चालतील. हे सुचलं कसं असं विमने विचारलं, तेव्हा तिने सांगितलं, की भिवंडीला एकेका खोलीत एकेका गावचे लोक राहायचे, आणि कावीळ पसरली तेव्हा त्यांनी असंच केलं होतं. विमने हे आम्हा सगळ्यांना व्हिडिओ मीटिंगमध्ये सांगितलं. बाकीच्या चार ठिकाणांनी ती पद्धत उचलली. सांडरनेही उचलली. मी माझ्या नव्या खुर्चीत बसून ऐकत होतो. जी साडेसहा वर्षं मी खोडली होती, ती पाचही शीतगृहांत कामाला लागली होती.

तेव्हा मी उठून काही करायला हवं होतं. पण त्या धामधुमीत पगारांचं कोण बघणार, सगळं स्थिर झालं की बघू, असं मी स्वतःला समजावलं. वर्षअखेरीस सगळ्या शीतगृहांना चीजची टोपली आणि आभाराचं कार्ड गेलं. कार्डातला मजकूर मी लिहिला होता.

त्याच काळात आणखी एक धोरण माझ्या हातून झालं. घरून काम सुरू झाल्यावर कार्यालयातले काही जण महाग घरं विकून दूर, स्वस्त प्रांतांत राहायला गेले. त्यांचा पगार ठिकाणाप्रमाणे कमी करायचा का, असा प्रश्न आला. मी टिपण लिहिलं, की कार्यालयीन माणसाचं ठिकाण म्हणजे त्याचं कार्यालय, तो कुठेही बसत असला तरी. सगळ्यांना आवडलं. त्यामुळे लिंबर्गच्या गावात बसून लॅपटॉप चालवणाऱ्याला रॉटरडॅमचा पगार, आणि त्याच गावात पहाटे शीतगृह उघडणाऱ्या बाईला लिंबर्गचा. नियम म्हणून त्यात चूक काढता येत नव्हती. अशी नियमात बसणारी कामं मला चांगली जमतात.

पुढच्या वर्षी हिवाळ्याच्या शेवटी वैशालीचा फोन आला. ती राहत होती ते घर मालक विकणार होता. छोटंसंच घर, मागे हातभर बाग, आर्याची शाळा गल्लीच्या टोकाला. मालकाला या दोघी आवडत होत्या, म्हणून बाजारात टाकण्याआधी त्याने तिलाच विचारलं होतं, आणि किंमतही वाजवी सांगितली होती. बँकेने पगार बघून किती कर्ज देता येईल ते सांगितलं. थोडं कमी पडत होतं.

"का हो दादा, यंदा काही वाढण्यासारखं आहे का?" तिने विचारलं. "फार नाही. दोन पायऱ्या वर गेले तरी बँक हो म्हणते. मालक एप्रिलपर्यंत थांबतो म्हणाला."

घर गेलं तर त्या गावात भाड्याने दुसरं मिळणं अवघड होतं, आणि आर्याची इथली तिसरी शाळा झाली असती. आर्या तोपर्यंत तिथल्या मुलांसारखीच डच बोलायला लागली होती. आईने मराठीत विचारलं की डचमध्ये उत्तर द्यायची. वैशाली हसत म्हणाली, की मला घराचं एवढं नाही, पण पोरीला पुन्हा उपटायचं जिवावर येतं.

तिची तेरा वर्षं पूर्ण धरली असती, तर ती बरोबर दोन पायऱ्या वर असती. मला हे बघायला काही उघडावं लागलं नाही. तोंडपाठ होतं.

आमच्याकडे दरवर्षी वसंतात सगळ्यांचे पगार एकत्र ठेवून बघतात. कुणाचा पगार चुकीने मागे राहिला असेल तर तो नीट करायला थोडी रक्कम वेगळी ठेवलेली असते. चूक कशी झाली एवढं सांगावं लागतं. मी वैशालीला म्हणालो, बघतो. आणि खरंच बघणार होतो. काय बोलायचं ते आंघोळ करताना दोनदा म्हणूनही पाहिलं होतं.

मीटिंग व्हिडिओवर होती. मारेइके आणि आम्ही तिघे. पाच ऑपरेशन्स मॅनेजरांची नावं पडद्यावर आली. मला वाटलं होतं, विषय मलाच काढावा लागेल. तसं झालं नाही. मारेइकेनेच विचारलं.

"लिंबर्गची मेश्राम इतकी खाली का आहे? सांडरपेक्षा खूपच खाली दिसते."

याहून सोपं काय असू शकतं? 'माझी चूक झाली', एवढंच म्हणायचं होतं. चौकटीत माझा स्वतःचा चेहरा मला दिसत होता. त्याच्याकडे बघत मी म्हणालो, "लोकेशन. आणि थोडा अनुभव."

मारेइके म्हणाली, बरं, आणि पुढच्या नावाकडे गेली.

लोकेशन हे आमच्या धंद्यातलं मोठं सोयीचं पांघरूण आहे. त्यातला काही फरक खरोखरच ठिकाणाचा होता, त्यामुळे मी खोटं बोललो असंही कुणी म्हणू शकलं नसतं. उरलेला फरक माझा होता. 'चूक' म्हटलं असतं तर चूक कशी झाली हे सांगावं लागलं असतं, मग विमचा फोन, मग मी तिला ओळखतो ते 'थोडाफार' नाही हे. मारेइके कदाचित भुवया उंचावून पुढे गेली असती. तेवढ्या भुवयांसाठी मी एक घर जाऊ दिलं.

वैशालीला सांगितलं, की यंदा सगळ्यांना सारखीच वाढ आहे. ती म्हणाली, "असू द्या दादा, तुम्ही प्रयत्न केला ना." मी फोनवर हुंकार दिला.

घर पश्चिमेच्या महाग पट्ट्यातून आलेल्या एका जोडप्याने घेतलं. दोघंही घरून काम करणारे. वैशालीने मला हे अगदी सहज सांगितलं, तक्रार म्हणून नाही. ती आणि आर्या उन्हाळ्यापर्यंत शीतगृहातल्या एका सहकारिणीच्या वरच्या मजल्यावर राहिल्या.

उन्हाळ्यात तिने दुसरीकडे अर्ज केला. वाखनिंगनजवळच्या एका अन्नप्रक्रिया कंपनीत, तेच पद. शेवटच्या मुलाखतीआधी ती मला भेटायला रायस्वाइकला आली. आर्या स्मिताबरोबर घरात थांबली. आम्ही दोघं कालव्याकाठी बाकाच्या दोन टोकांना बसलो, तेव्हा अंतर ठेवूनच बसायची सवय होती.

तिने आडपडदा न ठेवता विचारलं, "या वेळी मला खरा आकडा सांगा. तेरा आणि इथली दीड, असा अनुभव. वाखनिंगनचं ठिकाण. किती मागू?"

मी आकडा सांगितला. वरच्या टोकाचा सांगितला, आणि त्याखाली उतरू नकोस असंही सांगितलं. निदान एवढं तरी करावं, असं वाटलं. आकडा ऐकून ती पाण्याकडे वळली. पाण्यावरून एक बदक पिल्लांना घेऊन गेलं ते बघत होती. ती शीतगृह चालवणारी बाई, तिला मनात बेरीज-वजाबाकी करायला कितीसा वेळ लागणार.

"वाखनिंगन आणि लिंबर्ग यांत एवढा फरक नाही," ती म्हणाली. "माझी वर्षं किती धरली होती तिथे?"

"निम्मी."

"विमने?"

खोटं बोलायची तीच शेवटची संधी होती. विम तिथे नव्हता. मी म्हणालो, "विमने सगळी धरली होती. मी निम्मी केली." मग तो फोन, माझी भीती, मारेइकेने विचारलेला प्रश्न आणि माझं उत्तर, सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर ती म्हणाली,

"तुम्ही इथे आलात तेव्हा तुमची पुण्याची वर्षं किती धरली होती?"

हा प्रश्न मी कधी स्वतःला विचारला नव्हता. खरंच नव्हता. माझ्या वेळी एका म्हाताऱ्या डच अधिकाऱ्याने माझा कागद बघितला होता आणि म्हणाला होता, पगारपत्रकं ती पगारपत्रकं.

"पूर्ण," मी म्हणालो.

ती हसली. रागाने नाही. हिशेब अखेर जुळल्यावर माणूस हसतो तशी. मग उठताना म्हणाली, "कुणी परक्याने कमी दिलं असतं ना, तर मी भांडले असते. मला येतं भांडता. तुम्ही होता म्हणून मी विचारलंच नाही."

घरी येऊन तिने स्मिताच्या हातचा चहा घेतला, आर्याला बूट घालायला लावले. स्मिताला ती ताई म्हणायची, तसंच म्हणून निरोप घेतला. मला म्हणाली, "येते, प्रमोद." इथे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात. त्यात वावगं काही नाही.

त्या नोकरीत तिने मी सांगितलेल्या आकड्यापेक्षा थोडं जास्तच मागितलं आणि मिळवलं. हे मला विमकडून कळलं.

ती गेल्यावर मी मारेइकेकडे गेलो. तोवर आठवड्यातून एक दिवस कार्यालय उघडलं होतं. सगळं सांगितलं. गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून सांगू शकलो, हेही लपवत नाही. मारेइके डच पद्धतीने सरळ बोलली. "तेव्हाच बोलायचंस. चुका नीट करायला ठेवलेले पैसे त्या वर्षी उरले होते. मी ते परत केले." मागचा फरक वैशालीला देता येईल का, असं मी विचारलं. सोडून गेलेल्यांच्या फायली उघडत नाही, असं ती म्हणाली. मी आग्रह धरला नाही. एकदा धरून बघायला हवा होता.

तिच्या जागेसाठी विमला लवकर माणूस हवा होता. सीमेपलीकडे जर्मनीत नऊ वर्षं काम केलेला एक गृहस्थ मिळाला, भला माणूस आहे. त्याने पहिल्या आकड्याला नकाराची मान हलवली आणि सवयीने थोडं वाढवून मागितलं. मी त्याची नऊच्या नऊ वर्षं धरली, आणि लिंबर्गची शिडी फार खाली टेकलेली आहे, ती वर घ्यायला हवी, असं टिपण लिहिलं. वैशालीची पद्धत, पाळ्या घरांप्रमाणे लावण्याची, त्याने तशीच पुढे चालू ठेवली. आता ती विमची म्हणूनच ओळखली जाते. माझं टिपण दुपारी गेलं आणि कार्यालय बंद व्हायच्या आत मंजूर होऊन आलं. कुणी एक प्रश्नही विचारला नाही.

त्या जागेचा पगार आता बरोबर आहे.